मोठ्या पंपात लहान वॉशर

आत्यानं शाळेत नोकरीला असताना घेतलेली गाडी कित्येक वर्षं बदलापूर गावात, तिच्या अंगणात झाकून पडली होती. कारखान्यातून निघाली तशीच ती पुन्हा उभी करायची, हे तिनं सत्तरी ओलांडल्यावर मनावर घेतलं. उल्हासनगरच्या मिस्त्रीनं इंजिन चालू केलं, ब्रेकच्या पंपात नवे रबरी वॉशर घातले. कुठला पार्ट मूळचा, कुठला नंतरचा, हे शोधणं माझ्याकडे आलं.

त्या दुपारी मी अंबरनाथला होते. गाड्यांच्या बंद पडलेल्या एका एजन्सीच्या स्टोअरकीपरांनी कंपनीची जुनी पार्ट्स बुकं घरी जपून ठेवली होती. मला हवा होता हेडलाइटच्या रिंगचा नंबर. पानं उलटताना ब्रेकचं चित्र आलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एका ठरावीक चेसिस नंबरापासून पंप मोठा केला आहे. आत्याची गाडी त्यानंतरची. मिस्त्रीनं घातलेल्या वॉशरच्या पाकिटाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यावरचा नंबर लहान पंपाचा निघाला.

यानं काय होईल, मी विचारलं.

"आधी चालेल," ते म्हणाले. "मग वॉशरच्या कडेनं तेल मागे सरकायला लागेल. ब्रेकवर पाय दाबाल, तो नुसता खाली जाईल."

आत्यानं फोन उचलला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, ती मघाशीच गाडी घेऊन मैत्रिणीकडे सोनिवलीला गेली, एकटीच.

मी स्कूटर काढली. जिथे थांबावं लागलं तिथे फोन लावला. नुसती रिंग जात होती. रस्त्यात कुठे चार माणसं जमलेली दिसली की मी वेग कमी करून आत्याची गाडी शोधायचे.

सोनिवलीच्या अलीकडे, नव्या बिल्डिंगच्या कामापाशी, खरंच माणसं जमली होती. गाडीचं नाक वाळूच्या ढिगात घुसलं होतं. आत्या सिमेंटच्या गोणीवर बसून पाणी पीत होती.

"पुढे शाळेच्या मुलांची रिक्षा होती," ती म्हणाली. "ब्रेक लागेना. म्हणून वाळूत घातली."

मी तिच्याजवळ बसले. तिनं बाटली माझ्या हातात दिली.

बरोबर मापाचे वॉशर पुढे त्या स्टोअरकीपरांच्याच ओळखीनं मिळाले. मिस्त्रीनं जुनं पाकीट आणि पार्ट्स बुकाचा फोटो शेजारी ठेवून नंबर ताडून पाहिले, मग पंप पुन्हा खोलला. आत्या आता परत गाडी चालवते. मी शेजारी बसते आणि उतार आला की माझाही पाय खाली दाबला जातो.