रेषेच्या टोकाचा बाण

रोह्याच्या एका शाळेत समीकरणांचे आलेख रांगोळीने शिकवतात. ती युक्ती माझी, असं लोक समजतात. ती माझी नाही.

गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर एकदा पेणहून तिथला दहावीचा वर्ग पाहायला गेलो होतो. तासावर नेमलेल्या एक तरुण बाई शिकवत होत्या. एका जागी म्हणून उभ्या राहत नव्हत्या. व्हरांड्यात ठिपक्यांची रांगोळी मांडून त्या मुलींकडून समीकरणाचे बिंदू जोडून घेत होत्या. एकीने शेवटच्या ठिपक्यावर रेघ थांबवली.

"दमलीस काय गो?" बाई हसल्या. "रांगोळी ठिपक्यावर संपते. ही रेष नाय संपत. वाढव पुढं, टोकाला बाण कर."

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. "वा सर, आल्या आल्या युक्ती काढलीत!"

बाई बोटांवरची रांगोळी अंगठ्याने चोळत माझ्याकडे बघत राहिल्या. मी नुसता हसलो. जूनमध्ये त्यांना बोलावलंच नाही, त्यांचे तास मला मिळाले. त्या नागोठण्याहून येत, एवढं कानावर आलं. पेणहून रोह्याला जाताना गाडी तिथे थांबली की अजून मी उठून दारात जातो, फलाटावर त्या दिसतात का बघायला.

परवा नव्या मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोललात ते बरं झालं, सर. शाळेच्या अंकात त्यांचंच नाव छापू. तासावरच्यांची नोंद जुन्या दप्तरात नाही. काय नाव त्यांचं?"

मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो. नाव मी विचारलंच नव्हतं.