म्हशीच्या पट्ट्याला दसऱ्याची सुट्टी

विश्रांतवाडीच्या आमच्या बद्रीनाथाला गोठा राखण्यापेक्षा गोठ्याबद्दल बोलणं जास्त आवडतं. गेल्या वर्षी त्याची चंद्री म्हैस व्याली तेव्हा हा नगरसेवकाच्या सत्काराला गेला होता. रेडकू अडलं आणि दगावलं. त्याच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, दोन दिवस चूल पेटवली नाही. चंद्री पुन्हा गाभण राहिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "या खेपेला कुणीतरी जवळ पाहिजे."

बद्रीनाथानं जवळ यंत्र आणलं. म्हशीच्या शेपटीला एक पट्टा बांधायचा, कळा सुरू झाल्या की तो बिनतारी निरोप धाडणार आणि मालकाच्या मोबाइलवर भोंगा वाजणार. मालक कुठंही असो. बद्रीनाथाला हे 'कुठंही' फार आवडलं. त्या दिवसापासून तो अमृततुल्यातच सापडू लागला.

दसऱ्याला त्यानं दुधाच्या किटल्या, कोयता, स्कूटर सगळं धुऊन पुजलं. शेपटीचा पट्टाही सोडला, पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचा हार. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी काम लावायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत.

"पट्ट्याला सुट्टी दिलीत," दुर्गाबाई म्हणाली. "म्हशीला सांगितलंत का?"

"तिला अजून आठवडा आहे," असं म्हणून हा नवा सदरा घालून चहाला आला.

मी तिथंच होतो. चार माणसं जमवून बद्रीनाथ मोबाइल दाखवत होता. तेवढ्यात दुर्गाबाईचा फोन आला. आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"अहो, चंद्री सारखी ऊठबस करतेय. या लवकर."

"काही होत नाही. इथं स्वच्छ लिहून आलंय, जनावर शांत आहे."

"मी तिच्यासमोर उभी आहे."

"यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

तिनं फोन ठेवला. मी सकाळी दुधाला गेलो होतो तेव्हा पाटावरची पूजा पाहिली होती. म्हटलं, "बद्रीनाथराव, शांत आहे तो पाट."

त्याचा चेहरा असा झाला की चहावाल्यानं पैसे मागितले नाहीत. आम्ही दोघंही निघालो. मी या वयात पळालो, आणि त्याच्या पुढं होतो.

गोठ्यात शेजारचे दादामियाँ बाह्या सरसावून गुडघ्यावर बसले होते. शेळ्या पाळणारा माणूस, पण दुर्गाबाईनं हाक मारल्यावर म्हैस की शेळी हे विचारत बसला नाही. रेडकाचा एक पाय मागं दुमडला होता. त्यांनी तो सरळ केला, दुर्गाबाईनं कळेबरोबर ओढ घेतली आणि रेडी भुईवर आली. जरा वेळ हालचाल नाही. दुर्गाबाईनं तिचं नाक पुसलं, गवताच्या काडीनं डिवचलं. रेडी शिंकली. मग दुर्गाबाई खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडली.

बद्रीनाथ दारातच उभा होता. "मी काय करू?" त्यानं विचारलं.

"रेडकामागचा जार पडेपर्यंत इथंच बसा. चंद्रीनं तो खाल्ला तर बघा," दुर्गाबाई म्हणाली.

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला लोक आले, ते गोठ्यातच आले. उलट्या बादलीवर बसलेला बद्रीनाथ प्रत्येकाला सांगे, "थोडी अडचण आली होती, पण मी वेळेवर पोचलो."

आणि आतून दुर्गाबाई प्रत्येक वेळी म्हणे, "कुठं?"