कोळशाच्या पाट्या

आमच्या सासरची माणसं दातांवरून ओळखू यायची. तुमसरच्या बाजारात कुणी हसलं आणि दातांवर तपकिरी रेघा दिसल्या, की लोक गावाचं नाव घ्यायचे. माझे दात माहेरचे, पांढरे, म्हणून सासूबाई मला चिडवायच्या. हा सगळा विहिरीच्या पाण्याचा प्रताप आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. विहीर घरच्या अंगणात, ऐन वैशाखातही न आटणारी. तिचा केवढा तोरा होता घरात!

सत्तर सालानंतर केव्हातरी माझ्या मोठ्या जाऊबाईंची पाठ धरली. आधी धानाच्या रोवणीला वाकताना कळ यायची, मग रोवणीच सुटली, मग मान वळेना. हाक मारली की त्या अख्ख्या अंगाने वळायच्या. तिशी नुकती उलटलेली बाई! लोक वात म्हणाले, तेल चोळून झालं, अंगारे लावून झाले. शेवटी नागपूरच्या डॉक्टरने हाडांचे फोटो पाहिले, दात पाहिले आणि विहिरीबद्दल विचारलं. पाण्यातलं फ्लोराइड हाडांत साचत चाललं आहे, म्हणाला, पाणी बदला. बदला म्हणे! गावातल्या सगळ्या विहिरी एकाच खडकात खोदलेल्या. तळ्याचं पाणी उकळून प्यावं, तर होळीनंतर तळ्यात नुसता चिखल.

जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझे भासरे, तुमसरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवायचे. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं, की कोळशाच्या दोन पाट्या पाण्यात समोरासमोर उभ्या करून हलकी वीज सोडली, तर पाण्यातले क्षार त्या पाट्यांना जाऊन चिकटतात. मग तारा उलट्या जोडायच्या, क्षार सुटतात, ते पाणी फेकून द्यायचं. वाचलं आणि गोठ्याशेजारच्या खोलीचा कारखाना झाला.

वाचायला सोपं होतं. धावड्याच्या लाकडाचा कोळसा कुटायचा, वस्त्रगाळ करायचा, डांबरात मळून लोखंडी साच्यात दाबायचा. मग त्या पाट्या मडक्यात पुरून, तोंड मातीने लिंपून कुंभाराच्या भट्टीत भाजायच्या. पहिल्या पाट्या पाण्यात विरघळून शाई झाली. डांबर वाढवलं तर त्यातून वीजच जाईना. मग खाणीच्या रस्त्यावरच्या दुकानातून टॉर्चचे संपलेले सेल पोत्याने आले. त्यातल्या काळ्या कांड्या कुटून कोळशात मिसळल्या, तेव्हा कुठे वीज गेली. तोवर घरात भातापासून अंथरुणापर्यंत सगळं काळं झालं होतं. धुणं माझ्या वाट्याला. मला त्या पाट्यांचा इतका राग यायचा, की एकदा सगळ्या विहिरीत टाकून द्याव्या वाटायचं. पण जाऊबाईंना उठताना पाहिलं, की मी पुन्हा धुण्याला बसायची.

आता पाट्यांना तार जोडायची कशाने? लोखंड गंजायचं. भासऱ्यांना पितळ सुचलं, आणि घरात सगळ्यांना ते पटलं. आम्ही भंडाऱ्याकडची माणसं. पितळेच्या गुंडातलं, म्हणजे घागरीतलं, पाणी पिऊन वाढलेली, पितळेइतकं शुद्ध आम्हाला दुसरं काही वाटत नाही. जाऊबाईंनी आपल्या लग्नातला गुंड स्वतःच पुढे केला. कासाराकडून त्याच्या पट्ट्या कापून आणल्या, पाट्यांना आवळल्या, पाट्या पाण्याने भरलेल्या लाकडी पेटीत उभ्या केल्या, आणि जुन्या बॅटरीची तार जोडली. सासूबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं. भासऱ्यांनी कॉलेजातून आणलेल्या औषधाचा थेंब टाकला. विहिरीचं पाणी दुधासारखं झालं, पेटीतल्या पाण्यात नुसती झाक आली. दिवसाला जेमतेम एक तांब्या पाणी निघायचं. ते सगळं जाऊबाईंचं.

त्या थेंबाला क्षार कळायचे, पितळ कळत नव्हतं.

आठ-पंधरा दिवसांनी मला गोठ्यामागे जाऊबाई दिसल्या. भिंतीला हात लावून ओकत होत्या. वाकता येत नव्हतं, त्यामुळे सगळं लुगड्यावर. मी धरलं, तोंड धुतलं. म्हणाल्या, "त्यायले नोको सांगू वो." त्या पाण्यानेच होतं, हे त्यांना कळलं होतं. जिभेवर धातूची चव राहायची. तरी रोज सकाळी भासरे पेला भरून समोर उभे राहायचे आणि विचारायचे, "आज जरा बरं वाटून राहिलं का?" आणि जाऊबाई म्हणायच्या, "हो, जरासं."

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. भासऱ्याशी धाकट्या सुनेने बोलायचं नाही. समोर आले तर पदर ओढून बाजूला व्हायचं. काही सांगायचंच असेल तर मुलांच्या तोंडून. मी जाऊबाईंच्या मुलीला सांगायची, "बाबाले म्हणा, जेवायले चला." भासरे दोन हातांवर बसलेले असायचे, सगळं ऐकायचे, आणि तरी मुलगी जाऊन निरोप द्यायची. पण आई तुमच्यापायी ओकते आहे, हे लेकराच्या तोंडून कसं सांगायचं? नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "दादाले कोन बोलन?"

एका रविवारी भासरे ओसरीवर पेला भरत होते. मी पुढे झाले. हाक काय म्हणून मारायची, तेही मला ठाऊक नव्हतं. मीच म्हणाले, "त्या पाण्यानं बाई रोज ओकतात. मी डोळ्यांनी पाहून राहिली." सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "कोनाशी बोलून राहिली वो?" त्या ओरडल्या. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. तिथेच बसून त्यांनी पेटी उघडली. पितळेच्या पट्ट्या पाण्यातल्या भागात कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ झाल्या होत्या. एक तर मधूनच तुटून आली. बाकीचं पितळ कुठे गेलं, ते विचारायची गरज नव्हती. भासरे डोकं धरून बसले आणि लहान मुलासारखे रडले.

जाऊबाई माझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. मग एकदा त्यांची वेणी घालत होते, तेव्हा फणकारल्या. "काहून सांगतलं? थे पेटी बंद पडली तं त्यायच्याजवळ काय राहीन? मले मरतानी पाहात बसन का?" मला त्यांचा राग आला, रीतीचा आला, त्या विहिरीचा आला. वेणी मात्र मी नीट घातली.

पेटी बंद पडली नाही. भासऱ्यांनी नव्याने पाट्या सुरू केल्या. आता पाण्याला धातू लागूच द्यायचा नव्हता. सेलच्या काही कांड्या कुटून कोळशात मिसळायच्या, काही अख्ख्याच ओल्या पाटीत रोवायच्या, पाटीसकट भाजायच्या, आणि तार जोडायची ती पाण्याबाहेर राहिलेल्या टोकाला. भट्टीत पाटी आकसायची, कांडी आकसायची नाही, आणि पाटी तडकायची. किती मडकी फुटली, गणती नाही. शेवटी भट्टी सोडून धानाच्या कोंड्यात, धुमसत्या आचेवर मडकं ठेवून पाहिलं. हळूहळू तापलं, हळूहळू निवलं, पाट्या धड निघाल्या. त्या पाण्याचा एक थेंबही भासऱ्यांनी कुणाला दिला नाही. महिनाभर स्वतःच प्यायले.

तोवर दुसरा उन्हाळा आला होता आणि जाऊबाई खाटेला लागल्या होत्या. गुडघे वाकले ते सरळ होईनात. भासऱ्यांनी पेला आणला, मी पाठीला हात दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"गोड हाये," म्हणाल्या. "मी नवरी होऊन आली तवाच पायजे होतं हे पानी."

"आता रोज पी," भासरे म्हणाले.

"रोज किती निंगते?"

"एक तांब्या."

"मंग पोरीले द्या. माह्या हाडात जे भराचं थे भरलं."

"तुह्यासाठीच केलं ना मी!" भासरे जवळजवळ ओरडलेच. त्यांनी पेला पुन्हा तोंडाशी नेला. जाऊबाईंना तोंड फिरवता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ घट्ट आवळून धरले.

भासऱ्यांनी पेला खाली घेतला. मग त्यांनी अंगणात हाक मारली. पोरगी खेळातून धावत आली, उभ्या-उभ्याच घटाघटा प्यायली, आणि रिकामा पेला बापाच्या हातात देऊन परत पळाली.