खंडेनवमीला अडकलेली गोल्फची पिशवी

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर गोल्फची पिशवी खांद्याला लावून उभा राहिलो आणि बघता बघता भोवती माणसं जमली. पिशवी माझ्या छातीपर्यंत उंच. आत लोखंडी डोक्याच्या डझनभर काठ्या. चाललं की खडखडाट. शिरोळच्या गाडीत ती आडवी बसेना, उभी मावेना. कंडक्टरने आत डोकावून विचारलं, "पावणं, एका माणसाला एवढ्या काठ्या? गुरं तरी किती हायत?" सगळी गाडी हसली, मीही हसलो. शेवटी पिशवी ड्रायव्हरमागच्या जागेत उभी राहिली आणि मी शिरोळपर्यंत तिच्या गळ्यात हात टाकून प्रवास केला.

काठ्या माझ्या नव्हत्या. नव्वदचं दशक संपत आलेलं. पुण्याच्या नोकरीतला माझा मित्र मूर्ती निवृत्त होऊन म्हैसूरला परतला, तेव्हा सामानाच्या ट्रकात जागा उरली नाही म्हणून त्याने हा सेट माझ्याकडे ठेवला होता. आता त्याचा फोन आला होता. दोन्ही डोळे झपाट्याने चालले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो शस्त्रक्रियेसाठी मद्रासला निघणार होता. राहिलेली नजर वाचेल की तीही जाईल, हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते. त्याआधी एकदा त्याला खेळायचं होतं, आणि तेही स्वतःच्या काठ्यांनी. तिथल्या मित्राच्या काठ्या घेऊन पाहिल्या होत्या म्हणे, पण हात ओळख देईनात. मला हा हट्ट पुरता कळला नव्हता. तरी निघालो.

मिरजेहून बंगळूरची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची, म्हणून मुक्काम शिरोळला, बहिणीच्या घरी. सुमनच्या सासूबाईंना सगळं घर अव्वा (कानडीत आई) म्हणतं. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी आणि दोन्ही तितक्याच मोठ्या आवाजात. सकाळी उठून मी नदीकाठी फिरायला गेलो. पाणी उतरलेलं, काठाला गाळ, आणि त्यापलीकडे नजर जाईल तिथवर ऊस. एका ट्रॅक्टरला धुऊन झेंडूचे हार घालणं चाललं होतं. त्या दिवशी खंडेनवमी आहे, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

घरी आलो तर सोप्यात विळे, खुरपी, कुऱ्हाडी, ट्रॅक्टरचे पाने ओळीने मांडलेले. वर कडाकणी (गोड पिठाच्या कडक पुऱ्या) टांगलेली. आणि सगळ्यात पुढच्या रांगेत, न्हाऊनमाखून, कपाळाला हळदकुंकू लावून, मूर्तीच्या काठ्या भिंतीला टेकून उभ्या. "अव्वांनी स्वतः धुतल्या, दादा," सुमन कौतुकाने म्हणाली. पावण्याचं हत्यार पूजेवाचून राहिलं तर घराला कमीपणा, असा अव्वांचा हिशेब.

मी छान आहे म्हणालो, हसलो आणि दुपारी किती वाजता उचलू म्हणून विचारलं. सुमनचा चेहरा उतरला. या घरात पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याची शीव (गावाची हद्द) ओलांडून आल्यावरच हलतं. अव्वांच्या हयातीत हा नेम मोडलेला नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी निघून म्हैसूर गाठेपर्यंत मूर्ती मद्रासच्या वाटेला लागलेला असणार. मी चिडलो. आवाज चढला. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या सामानाला हात कशाला लावायचा, असंही बोलून गेलो. अव्वा ऐकत राहिल्या. मग मी मूर्तीच्या डोळ्यांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. वय किती, घरात कोण आहे, बायकोचं तोंड तरी दिसतं का. दिसतं, पण जवळून, म्हणालो. त्यांनी काठ्यांकडे पाहिलं.

"दसऱ्याला शीव वलांडली की हत्यार मोकळं," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमची गाडी शीव वलांडती न्हवं?"

"ओलांडते की. कुडचीजवळ कृष्णेचा पूल लागतो. तिथं कर्नाटकच."

"मग पूजेसकट न्या. आज बांधलेल्याच ऱ्हाऊ द्यात. उद्या दसरा, तितं गेल्यावर सोडा. पर पाय लावायचा न्हाय आन कुक्कू पुसायचं न्हाय."

त्यांनी आपल्या इरकली लुगड्यात काठ्या फुलांसकट गुंडाळून पिशवीत घातल्या. स्वतःच उचलून मला दिल्या, म्हणजे नेम मोडलाच असेल तर तो त्यांच्या हातून.

पाय लावायचा नाही, हे सांगायला सोपं. रेल्वेच्या डब्यात बाकाखाली पाय, वाटेत पाय, जिकडेतिकडे पायच. शेवटी वरचा बर्थ मी काठ्यांना दिला आणि खाली कोपऱ्यात अंग चोरून बसलो. पिशवीच्या तोंडातून झेंडू डोकावत होते. घटप्रभेला करदंट (डिंक आणि सुक्या मेव्याची वडी) घेऊन चढलेल्या बाईंनी वर पाहून हात जोडले आणि कुठला देव म्हणून विचारलं. मी म्हणालो, मित्राचा. त्यांनी वडीचा एक तुकडा वर ठेवला. तो सकाळी मीच खाल्ला.

बंगळूरला गाडी बदलली. पुढे तांबडी माती, नारळ, मद्दूरचे खमंग वडे, आणि मंड्याचा ऊस दिसताच पुन्हा शिरोळ आल्यासारखं वाटलं. म्हैसुरात उतरलो तेव्हा अख्खं शहर मिरवणुकीला लोटलेलं. रिक्षावाल्याने गल्ल्याबोळांतून मूर्तीच्या दारात सोडलं. मूर्ती फाटकाशीच उभा होता. त्याने आधी माझा खांदा चाचपला, मग पिशवी. लुगड्याची गाठ आम्ही दोघांनी मिळून सोडली. कुंकवाची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "पुसायचं नाही म्हणाल्या ना? मग राहू दे."

गोल्फच्या मैदानावर चिटपाखरू नव्हतं. पिशवी उचलणारे कॅडीसुद्धा मिरवणुकीला गेलेले. पिशवी मीच वाहिली. चेंडू मी मांडायचा, दिशा सांगायची, त्याने मारायचा आणि विचारायचं, "कुठे गेला?" पहिला फटका डावीकडे झाडांत घुसला. माझ्याने सांगवेना. सरळ गेला, म्हणालो.

"झाडाला लागल्याचा आवाज आला मला," तो म्हणाला. "खोटं सांगायला एवढ्या लांबून आलास?"

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज. नंतर सगळं खरं सांगितलं. वाळूत, गवतात, एकदा डबक्यात. तो हसायचा, शिव्या द्यायचा, पुढची काठी मागायचा. ऊन कलायला लागलं तसं जवळचं दिसणंही त्याला जड जाऊ लागलं. चेंडूशेजारी वाकून तो बोटांनी जागा बघायला लागला, तेव्हा हा शेवटचाच, असं मी मनाशी म्हणालो. तो तसं काही म्हणाला नाही. त्याने काठी फिरवली. आवाज आला तो आधीच्या कुठल्याही फटक्यासारखा नव्हता, छोटा आणि स्वच्छ. मूर्ती काठी खांद्यावर तशीच धरून उभा राहिला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने हात वर केला.

"सांगू नकोस. हा मला कळला."

काठ्या म्हैसुरातच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्तीला मद्रासच्या गाडीत बसवलं आणि मी परत फिरलो. मोकळ्या हाताने प्रवास फार सोपा असतो, त्यामुळे त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. लुगडं पोचवायला शिरोळला उतरलो. अव्वांनी भाकरी वाढली आणि समोर बसून सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. झाडाचं ऐकून हसल्या, डबक्याचं ऐकून हळहळल्या. शेवटच्या फटक्यापाशी आलो तेव्हा त्यांचा हात वाढता वाढता थांबला.

"मग? त्यो कुठं गेला?"

मी सांगायला गेलो आणि लक्षात आलं, मला ठाऊकच नाही. चेंडू उडाला तेव्हा मी मूर्तीच्या तोंडाकडे बघत होतो.