वडेवाल्या काकांची लहान टोपी

बाळांनो, अन्न तपासणीचे साहेब येणार म्हटलं की हॉटेलवाल्यांची पळापळ होते. त्या साहेबांची डोळ्यांत तेल घालून वाट पाहणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच निघेल, तो म्हणजे अमरावतीच्या आपल्या घराजवळचे, दह्यात भिजवलेले गिला वडे विकणारे काका.

त्यांची स्वच्छता म्हणजे व्रतच. दह्याच्या प्रत्येक भांड्यावर वार आणि वेळ लिहिलेली असते. गिऱ्हाइकाची नखं पाहिल्याशिवाय ते प्लेट हातात देत नाहीत. अकोल्याचे आपले नवे जावई एकदा चटणी मागू लागले, तर काका माझ्याकडे वळून म्हणाले, "दुपारची चटणी हाये, बाई. जावायाले देऊ का फेकू?" आणि उत्तराची वाट न पाहता फेकलीसुद्धा. पण एवढं करून कोणी साहेब कधी फिरकला नाही, ही त्यांची खंत. "जाणत्या माणसानं एक डाव पाहून सांगावं ना, बरोबर हाये का चुकून राहिलं!" मी जन्मभर इंग्रजी शिकवलेली, म्हणून दर दिवाळीनंतर त्यांचा अर्ज मीच लिहायची: कृपया माझ्या दुकानाची तपासणी व्हावी.

यंदा साहेब खरोखरच आले. मी तिथेच बाकावर होते. "लोक दुसऱ्याच्या दुकानाची तपासणी मागतात. तुमचं काय गौडबंगाल आहे?" असं म्हणत ते स्वयंपाकघराकडे निघाले, तर काका दारात आडवे!

"साहेब, टोपीबिगर आत जाता येत नाई."

"तपासणी अडवलीत तर परवाना जाईल, काका."

"जाऊ द्या. पण वड्यात केस पडला त लोकायले काय सांगू?"

साहेबांनी परवाना रद्द करायचा कागद काढला. काकांच्या डोक्यावरची टोपी घामाची, ती दुसऱ्याला चालायची नाही. खिळ्यावर दोनच धुतलेल्या टोप्या होत्या: तुम्हा दोघांना लहानपणी वडे तळताना पाहायचे होते, तेव्हा काकांनी शिवलेल्या, इलॅस्टिकच्या. तुम्ही परदेशी गेल्यापासून दर सोमवारी त्या धुऊन पुन्हा तिथेच टांगतात.

"त्या पोरायच्या हायेत," काका पुटपुटले.

"अहो, द्या हो!" मी ओरडले.

मग काय सांगू! एवढे धिप्पाड साहेब, आणि टाळूवर ती चिमुकली टोपी! हसू दाबताना माझा पदर ओला झाला. साहेबांनी मात्र डबा न् डबा उघडून पाहिला, कागद खिशात ठेवून दुसरा काढला, आणि लिहिलं, 'स्वच्छता उत्तम'. काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग साहेबांनी दोन प्लेटा खाल्ल्या, अर्थात नखं दाखवून.

संध्याकाळी मी पुन्हा गेले, तर काका ती टोपी धूत होते.

"साहेबाच्या डोक्यानं लय सैल झाली, बाई," ते म्हणाले. मला वाटलं, हळहळताहेत. त्यांनी ती पिळली, झटकली आणि तुमच्या खिळ्यावर टांगली.

"बरंच झालं म्हना. पोरं आता मोठे झाले असतीन. आले त बरोबर बसन."