धम्मरत्नचे कान

सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम होता आणि आमच्या बोरी अरबच्या शाळेचा माईक सारखा घुमत होता. मशीनवाल्याने सगळी बटणं फिरवून पाहिली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक सडपातळ तरुण उठला. मशीनला हात न लावता त्याने मंचावरची जुनी ट्यूबलाइट बंद केली. घरघर थांबली.

"मशीन चांगली आहे गुरुजी, ट्यूब बोलून राह्यली होती," तो म्हणाला आणि पुन्हा मागे जाऊन बसला. तो धम्मरत्न.

पुढे तीस वर्षं त्याने गावात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त केले. मीटर होता त्याच्याकडे, पण शेवटचा निकाल कानांचा. डोळे मिटून ऐकायचा, "आता झालं" म्हणायचा, आणि लोक तेवढ्या शब्दावर सेट घरी न्यायचे.

गेल्या वर्षी आमचे शेजारी, तहसीलमधून निवृत्त झालेले नीळकंठराव, यांनी गाण्याच्या सेटसाठी पॉवर कंडिशनर मागवला. भिंतीतली वीज स्वच्छ करून सेटला देणारा डबा. आवाज सुधारला, असं ते सगळ्यांना सांगत.

धम्मरत्न हसला. "करंट का दूध आहे साहेब, गाळून घ्यायले?"

नीळकंठरावांना ते लागलं. म्हणून परीक्षा ठरली, आणि मास्तर म्हणून मला पडद्यामागे बसवलं. सेटची वायर मी कधी डब्याला, कधी थेट भिंतीला लावायची. धम्मरत्नने चिठ्ठीवर 'डबा' किंवा 'भिंत' लिहायचं. त्याची बायको जया बाजारातून येता येता थांबली होती. तिलाही चिठ्ठ्या दिल्या.

धम्मरत्नची दहापैकी पाच बरोबर आली. "पाहा, अंदाजानं लिहिलं तरी एवढेच येतात," तो म्हणाला. "फरक नाही."

मग मी जयाच्या चिठ्ठ्या उलगडल्या. दहाच्या दहा बरोबर.

"बारीक शिट्टी वाजते ना," ती संकोचून म्हणाली. "डबा लावला का बंद होते."

"इन्व्हर्टर बसवल्यापासून वाजते," नीळकंठराव म्हणाले. "तेच तर सांगून राह्यलो होतो."

धम्मरत्नने स्पीकरला कान लावला. "कुठं आहे व जया?" त्याने हळूच विचारलं. शिट्टी मलाही ऐकू येत नव्हती, पण माझं वय पंच्याहत्तर, आणि माझं पोट कानांवर चालत नाही.

आठ दिवस धम्मरत्नचं दुकान बंद राहिलं. मी त्याच्या घरी गेलो.

"गुरुजी, किती सेट शिट्टीसकट देल्ले असतील मी लोकायले?"

जया आतून भाजी चिरत म्हणाली, "कोणी वापस आणला का एखादा? अन् माहे कान आहेत ना. ते का फक्त डूल घालाले देल्ले?"

आठ दिवसांत तो पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन नीळकंठरावांकडे गेला, इन्व्हर्टर वेगळा करायला लावला आणि परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी जयाचीही पाचच बरोबर आली.

"डबा गाणं गोड नाही करत साहेब," तो म्हणाला. "घरच्या लाइनीत कचरा असंल, तं तेवढा अडवते. तुमच्या इथं इन्व्हर्टरचा आहे. डबा राहू द्या."

आता दुकानात दोन खुर्च्या आहेत. दुरुस्ती धम्मरत्न करतो आणि सेट देण्याआधी जया डोळे मिटून ऐकते.