वरून एक चमचा तूप

मुलगी फोनवर म्हणाली, "बुद्ध पौर्णिमेला येते आई, पण दोनच दिवस. आणि माझ्या खाण्याचं टेन्शन घेऊ नको. मी पुण्याहून काहीतरी बरोबर घेऊन येईन."

फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. पोरगी स्वतःच्या घरी येणार आणि येताना डबा बांधून आणणार! मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये काम करते. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. एवढ्या मोठ्या केंद्राला काही कमी पडू देत नाही आणि एका मुलीच्या दोन दिवसांच्या जेवणाची सोय मला लावता येऊ नये, हे मला पटणारं नव्हतं.

मुलगी व्हीगन आहे. म्हणजे मांस-अंडं नाही, आणि दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, खवा, मध यातलंही काही नाही. आमच्या घरी रविवारी मटण असतंच. तिने मटण सोडलं हे सगळ्यांनी समजून घेतलं. ताक सोडलं हे अजून कोणाला समजलेलं नाही. माझ्या नवऱ्याला तर अजिबात नाही. उन्हाळ्यात तो ताकावरच जगतो.

गेल्या वर्षी ती बुद्ध पौर्णिमेला आली होती. विहारात खीर वाटप चाललं होतं. तिने हात जोडून नको म्हटलं. माझी नणंद वाटायला उभी होती. ती पळी तशीच धरून मोठ्याने म्हणाली, "काऊन वं? बुद्धानं खाल्ली खीर, तू त्यायच्याहून मोठी झाली का?" सगळे हसले, मुलगीही हसली. घरी जेवायला पाहुणे होते. तिच्यासाठी मी वेगळी भाजी केली होती, पण जो येई तो तिच्या ताटात डोकावून काहीतरी बोलून जाई. शेवटी ती म्हणाली, "मला भूक नाही, तुम्ही जेवा," आणि आतल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम निघालं म्हणून एक दिवस आधीच्या गाडीने परत गेली. ऑफिसचं काही निघालं नव्हतं. मी आई आहे, मला तेवढं कळतं. त्यानंतर वर्षभर ती आलीच नाही.

या खेपेला मी ठरवलं की घरी स्वयंपाक नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिला आणि नवऱ्याला घेऊन बाहेर जेवायचं. एक टेबल, तिघांना एकच जेवण, आणि कोणी प्रश्न विचारायचे नाहीत. एवढं जमलं तर ती पुन्हा येईल. नाही जमलं तर डबा आहेच तिच्याकडे. मी फोनवर यादी सुरू केली आणि तोंडाला स्कार्फ बांधून, ड्यूटीनंतर स्कूटरवर चंद्रपूर पालथं घालायला निघाले.

पहिली चक्कर मोठ्या 'शुद्ध शाकाहारी' हॉटेलात. मी मॅनेजरला समजावून सांगितलं. त्याने फार आदराने ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, आपल्या इथी सगळं शुद्ध तुपातच असते. तेल वापरतच नाई." मी म्हटलं, तूपच नको आहे. तो म्हणाला, "म्हणजे जैन? जैन भेटून जाईन न. कांदा-लसूण काढून देतो." मी म्हटलं, कांदा-लसूण राहू द्या, तूप काढा. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी त्याला भिंती ठेवून छत काढायला सांगितलं.

दुसऱ्या हॉटेलात वेटरने विचारलं, "उपास आहे का?" मी नाही म्हणायच्या आत तो म्हणाला, "उपासाले दूध चालते न बाई. साबुदाण्याची खिचडी देतो, वरून दही." मी उठले.

तिसरं ठिकाण नवीन कॅफे होतं. भिंतीवर वेलींची चित्रं, एसी, आणि मेन्यूवर चक्क 'व्हीगन' असं छापलेलं. मला वाटलं, संपलं काम. मी व्हीगन शेक मागवला. आला तो पांढराशुभ्र, वर घट्ट साय. मी काउंटरवर जाऊन विचारलं, यात दूध आहे का? मुलगा म्हणाला, "हो, फुल क्रीम." मग व्हीगन कसं? "त्यात अंडं नाही ना, मॅडम." शेकमध्ये अंडं कोण घालतं, हे मी त्याला विचारलं. त्याने ते मालकाला विचारतो म्हणून सांगितलं. मालक बाहेरगावी होता.

डोशाच्या दुकानात मी आशेने गेले, कारण डोसा म्हणजे तांदूळ आणि उडीद डाळ. तिथल्या माणसाने तव्यावर लोण्याचा गोळा फिरवला. मी म्हटलं, तेल लावा. लावलं. सांबार ठीक होतं. चटणी पांढरी होती म्हणून विचारलं, तर नारळ कमी आणि दही जास्त. चटणीशिवाय डोसा खायला मुलीला पुण्याहून बोलावू का?

पूर्ण निर्दोष असं एकच निघालं, ते म्हणजे सकाळचे तर्री पोहे. पोहे, कांदा, वर चण्याची लालभडक तर्री. सगळं तेलात. पण ते गाडीवर उभ्याने, एका हातात प्लेट आणि मागून ट्रकचा धूर. त्याला कुटुंबाने एकत्र जेवणं म्हणता येत नाही.

रोज संध्याकाळी मी चिडून घरी येई. नवरा ताकाचा ग्लास घेऊन पंख्याखाली बसलेला असे. तो म्हणे, "कायले एवढा उपद्व्याप? घरी वरण-भात कर. तिच्या वरणात तूप नको टाकू. झालं." त्याला मुद्दाच कळत नव्हता. तिच्या वरणात नाही आणि आमच्या वरणात आहे, हेच तर मला नको होतं.

मग सावली गावी एका सहकाऱ्याच्या नव्या घराच्या कार्यक्रमाला गेले होते. पोचले ती वेळेच्या आधी. कार्यक्रमाचा पत्ता नव्हता आणि भूक लागली होती, म्हणून बस स्टँडजवळच्या एका खानावळीत बसले. चार-सहा टेबलं, एक मोठा कूलर, आणि मालकीणबाई स्वतः वाढत होत्या. वडाभात होता. आमच्या भागात ज्याला ठाऊक नाही असा माणूस नाही: भरड वाटलेल्या डाळीचे तिखट वडे, ते मऊ भातावर कुस्करायचे, आणि वरून लाल मिरची, हिंग घातलेलं कडकडीत तेल ओतायचं. मी पहिला घास घेतला आणि खाता खाताच हिशेब लावला. तांदूळ, डाळ, तेल. सोबत कढी होती, पण ती वेगळ्या वाटीत. वाटी उचलली की झालं. ज्यासाठी मी चंद्रपूरभर एसी हॉटेलं धुंडाळली, ते आम्ही लहानपणापासून खात होतो. मला आनंद झाला नाही, स्वतःचाच राग आला.

मी बाईंशी बोलून पक्कं केलं. दिवस सांगितला. "माझी मुलगी येणार आहे पुण्याहून. वर्षाने घरी येते. ती दूध-दही-तूप काहीच खात नाही. कढी नको. भातात काही घालू नका."

बाईंनी विचारलं, "बिमारी हाय का पोरीले?"

"नाही."

"डॉक्टरनं बंद केलं?"

"नाही हो. तिनेच सोडलं. ठणठणीत आहे."

"बरं बरं. नाई टाकत. तुमी बिनघोर या."

आदल्या दिवशी फोन करून मी पुन्हा सांगितलं. त्या सकाळी निघतानाही सांगितलं. बाई दर वेळी म्हणाल्या, "ध्यानात हाय न, बाई."

गाडीत मुलगी खिडकीला टेकून बसली होती. पिशवीतला डबा तिने बरोबर घेतलाच होता. मी पाहिला. मूल गावाच्या पुढे कापलेल्या धानाची रिकामी शेतं सुरू झाली तेव्हा तिने विचारलं, "आई, नक्की काय आहे तिथे?" मी म्हटलं, "जाऊन बघ." माझ्या आवाजात एवढी खात्री होती की नवऱ्यानेही रेडिओ बंद केला.

बाईंनी कूलरसमोरचं टेबल राखून ठेवलं होतं. वर धुतलेला कपडा टाकला होता. आम्ही हात धुऊन बसलो आणि तीन ताटं आली. वाफाळलेला भात, कुरकुरीत वडे, चुरलेली मिरची, हिंगाचा वास. कढीची वाटी नव्हती. मुलीचा चेहरा उजळला. "अरे, वडाभात! हा तर मी खाऊ शकते. मला आठवलं कसं नाही?" तिने हात पुढे केला, आणि तो भाताच्या वरच थांबला. ती थोडी वाकली. मग हात मांडीवर घेऊन हळूच म्हणाली, "आई, वर तूप आहे."

मी पाहिलं. तेलाच्या लाल थराच्या मधोमध पिवळसर, दाणेदार, घरच्या तुपाचा गोळा होता. तिघांच्याही ताटात. बाई शेजारी उभ्या राहून कौतुकाने पाहत होत्या.

"बाई, तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं!" माझा आवाज चढला. दुसऱ्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले.

"सांगतलं न," बाई म्हणाल्या. "गिराईक असती त नसतं टाकलं. पन पोरगी माहेरी आली न बाई. वर्सानं आली म्हने. माहेरी आलेल्या पोरीले मी कोरडं वाढू? एकच चमचा त हाय. घरच्या म्हशीचं हाय, डालडा नोहे."

तर घोटाळा माझाच होता. 'तूप नको' एवढंच सांगितलं असतं तर काम झालं असतं. 'माझी मुलगी वर्षाने येते' हे मी कशाला सांगितलं? त्या वाक्यानंतर आमच्याकडची कुठलीही बाई तूप टाकल्याशिवाय राहिली नसती. मी स्वतःसुद्धा नाही.

"वरचं सारून खालचं खाऊन घे न बेटा," नवरा पुटपुटला.

मुलगी म्हणाली, "नाही, मला फारशी भूक नाही. तुम्ही जेवा." तेच वाक्य. तिचा हात पिशवीकडे गेला.

मी उठले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. पातेल्यात साधा भात उरला असेल तर तोच घ्यायचा असं ठरवून. वडे संपले होते. मागच्या पडवीत मात्र चुलीवर दुसरी दोन पातेली होती. झाकण काढलं. जाडा भात, आणि वाळवलेल्या वांग्याची लाखोळीच्या डाळीतली भाजी. खाली खलात जवसाची चटणी.

"यात तूप आहे?"

बाई माझ्या मागे धावत आल्या होत्या. "ते आमचं जेवन हाय बाई. आमच्यात कोन तूप टाकते?"

"हेच वाढा."

"हे? हे गिराईकाले देत नसतो! बाहेर टेबलावर नेलं त लोक काय म्हनतीन? हिनं पाहुन्याले वाळलं वांगं घातलं म्हनतीन. माझं नाव जाईन."

"मग आम्ही इथेच बसतो."

"इथी? खाली?"

मुलगी दारात उभी होती. आमचं बोलणं संपायच्या आत ती पडवीत येऊन पोत्यावर मांडी घालून बसली. नवराही आला, कुरकुरत, गुडघे धरत.  बाईंनी तीन ताटल्या पुसल्या, भात वाढला, भाजी वाढली, चटणीवर तेलाची धार सोडली. तेल सोडताना हात थांबला तेव्हा त्यांनी मुलीकडे पाहिलं. "हे चालते न?" "चालतं." "टाकू का अजून?" "टाका." मग त्यांना थोडं बरं वाटलं.

"आनं बाहेरची तीन ताटं? वाया जातीन," बाई म्हणाल्या.

"तुम्ही खा," मुलगी म्हणाली. "आम्ही तुमचं खातोय, तुम्ही आमचं खा."

"मी? वडाभात, वरून तूप टाकून?" बाई खो-खो हसल्या. पण एक ताट घेऊन आल्या आणि आमच्यासमोर बसल्या. नवरा त्यांच्या ताटाकडे पाहत वाळलं वांगं चावत होता. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं, त्याने मान खाली घातली. मुलीने भात दुसऱ्यांदा घेतला, मग चटणी. वाळल्या वांग्याचं कसं करतात ते विचारलं. पिशवी बाहेर टेबलापाशीच राहिली होती.

जेवता जेवता, बोटं भातात असतानाच, बाईंनी विचारलं, "मंग आता कवा येशीन?"

हा प्रश्न मी महिनाभर तोंडाशी आणून गिळला होता. त्यासाठी चंद्रपूरभर फिरले, तुपाच्या डब्यांशी भांडले, आणि ही बाई तूप टाकून, माझं सगळं गणित बिघडवून, तो सहज विचारून मोकळी झाली.

"नवा तांदूळ कधी निघतो?" मुलीने विचारलं.

"दिवाळीच्या मांगंपुढं."

"मग तेव्हा येते. इथेच, पडवीत."

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं की हे उत्तर मला मिळायला हवं होतं.

मुलगी आणि नवरा गाडीत जाऊन बसले. मी निघताना बाईंनी मला दाराशी अडवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, दिवाळीत येईन न ती, तवा नव्या तांदळावर त थोडसं टाकाच लागते न? मी भाताच्या खाली टाकीन. दिसनार नाई तिले."

बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता. मी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.